दोन लॉटच्या मधला रविवार

दुपारी अडीचला पिठाच्या डब्यावर ठेवलेला मोबाइल घुर्रर्र करून थरथरला आणि त्याच्याबरोबर डब्याचं झाकणही वाजायला लागलं. त्याआधी किन्हवलीतल्या त्या घरात इतकं गप्प होतं की मागच्या दारी शेळी रवंथ करत होती तेही ऐकू यावं. सासू पडवीत तोंडावर पदर घेऊन आडवी झालेली. चार वर्षांची पारू एक पाय भिंतीला टेकवून झोपलेली. आणि पलंगाच्या कडेवर योगिनी बेस गिटार मांडीवर घेऊन, वायर न लावता, तारांवरून नुसती बोटं फिरवत बसलेली. बिनवायरचा बेस फक्त वाजवणारीला ऐकू येतो, तोही छाती लाकडाला टेकवली तर. म्हणून तर तो घरात खपून जात होता.

पारूचा पाय भिंतीवरून घसरला, पण डोळे उघडले नाहीत. योगिनीने श्वास सोडला आणि मोबाइल बघितला. मनोजचा मेसेज, दोनच शब्दांचा.

"लॉट गेला."

ती एकटीच हसली.

सापगावच्या पुढे मनोजची पोल्ट्री होती. कंपनीवाले एका दिवसाची पिल्लं आणून टाकत, चाळीस-बेचाळीस दिवसांनी त्यांच्या कोंबड्या झाल्या की गाडी भरून नेत. एक लॉट गेला की शेड धुवायची, चुना मारायचा आणि पंधरा दिवस तशीच मोकळी सोडायची, हा कंपनीचा नियम. आणि त्या मोकळ्या शेडमध्ये चौघांनी बसून वाजवायचं, हा मनोजचा. तो त्याला जाम म्हणायचा. पंधरा दिवसांत रविवार यायचे दोन. पहिला औषधाच्या वासात जायचा, कारण त्या वासात तोंड उघडलं तर ठसका आणि डोळे उघडले तर पाणी. उरायचा दुसरा. म्हणजे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतलं हे संगीत सगळं कोंबड्यांच्या वजनावर चाललेलं होतं.

दुसऱ्या जागा नव्हत्या असं नाही. पण समाजमंदिरात भजनी मंडळ असायचं, मनोजच्या घरी त्याची बायको शिकवण्या घ्यायची, आणि मुरबाडला चौघांतल्या हनुमानच्या भिंतीला भिंत लागून एक रिटायर्ड मास्तर राहायचे. ते पहिल्या ठेक्याला खिडकीत आणि दुसऱ्या ठेक्याला दारात येऊन उभे राहत. शेडला शेजारच नव्हता.

योगिनीचं माहेरही मुरबाडचंच. कल्याणला कॉलेजात होती तेव्हा तिथल्या बँडमध्ये गिटार वाजवणारे तिघं होते आणि बेसला हात लावायला कुणी तयार नव्हतं, कारण बेसवाल्याकडे कुणी बघत नाही. योगिनीला कुणी बघायला नकोच होतं. तिने ती जाड तारांची, लांब मानेची गिटार गळ्यात घातली ती घातलीच. लग्नात ती रुखवतावर मांडू नकोस, एवढं मात्र आईने तिला बजावलं होतं.

सासरी आल्यावर तिच्या सासूने, बाईजाने, आधी तारा मोजल्या. "चारच? किशोरच्या दोस्ताच्या गिटारीला सहा हायेत. तुला कमी तारांचा कुनी दिला गो?"

योगिनीच्या नवऱ्याने, किशोरने, आईला समजावलं की हा बेस आहे, याला चारच असतात.

"बेस तर डीजेच्या बॉक्सातून येतो," बाईजा म्हणाली. "बटन दाबला का येतो. त्याला बाई कशाला लागते?"

किशोर बूट घालून ड्युटीला निघाला. मग पारू झाली, आणि बेस कपाटामागे गेला.

तो परत बाहेर आला तो गेल्या वर्षी, गल्लीतल्या एका हळदीमुळे. योगिनी पारूला कडेवर घेऊन बॉक्सजवळ उभी होती आणि न राहवून पॅड वाजवणाऱ्याला म्हणाली, "दादा, तुमचा खालचा आवाज अर्धा ठोका मागून येतोय."

पॅड वाजवणारा म्हणजे हनुमान. त्याने काठ्या खाली ठेवल्या. नाचणारी पन्नास माणसं हात वर करून तशीच थांबली. "वयनी, तुमी कोन?" त्याने विचारलं.

त्याच्या शेजारी बेंजो घेऊन बसले होते म्हशाचे चांगोकाका. साठी कधीच उलटलेली, दोन्ही तालुक्यांतल्या निम्म्या लग्नांना वाजवलेलं. ते मान न उचलता म्हणाले, "कोन का असंना. बाई बरोबर बोलते."

त्या दोघांनीच तिला मनोजच्या शेडवर बोलावलं. तेव्हापासून या लॉटच्या आधी तीन लॉट गेले होते. तीन रविवार. आणि योगिनीला अजून एकही चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायला मिळाली नव्हती. चौघं वाजवायचे ती चांगोकाकांची एक जुनी हळदीची चाल, बिननावाची, वीसेक मिनिटांची. पहिल्या रविवारी पाचव्या मिनिटाला पारूला शी लागली. दुसऱ्या रविवारी नवव्या मिनिटाला तिने, लाल बटण कसलं ते बघायला, अख्खा बोर्डच बंद केला. तिसऱ्या रविवारी चौदाव्या मिनिटापर्यंत मजल गेली, तोच पाण्याच्या टाकीकडून आवाज आला, "आई, माझा पाय गेला." पाय जागेवर होता, चप्पल गेली होती.

त्या चालीचा शेवट कसा आहे हे योगिनीला माहीतच नव्हतं. चांगोकाकांना विचारलं तर म्हणायचे, "सांगून काय कलनार? ये तितवर, मग बघ."

तिला एक अख्खी चाल हवी होती, एवढंच. बाकी सगळं गेली चार वर्षं अर्धंच चाललं होतं. अर्धा चहा, अर्धी आंघोळ, अर्धं वाक्य.

यावेळचा रविवार आला तसा तिने चोख बंदोबस्त केला. पारूला सकाळपासून दोनदा बसवून आणलं. चपलेऐवजी बूट घातले. पिशवीत बिस्किटं, रंगखडू, सुका फ्रॉक. किशोरला नेमकी रविवारची ड्युटी लागली, तेव्हा तिने सासूलाच विचारलं. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, पारूला दोन तास सांभाळाल?"

"घरात नाय सांभाळायची," बाईजा म्हणाली. "मी बी येते. रिकाम्या पोल्ट्रीत तीन बाप्ये नि एक बाई काय वाजवतात ते मला एकदा बघायचाय."

मग स्कूटीवर पुढे पारू, मधे योगिनी, मागे बाईजा आणि बाईजाच्या मांडीवर आडवा बेस. आडवा, कारण उभा धरला तर त्याची मान तिच्या नाकावर यायची. समोरून येणारा एकेक टेम्पो तो बघून रस्त्याच्या कडेला उतरत होता.

"बघ कशी वाट देतात," बाईजा म्हणाली. सापगाव येईपर्यंत तिला तो बेस थोडा आवडायला लागला होता.

शेड झकास दिसत होती. चुन्याने पांढऱ्या झालेल्या भिंती, जमिनीवर भाताचा ताजा तूस, त्यावर पिल्लांसाठी कागद अंथरून तयार. पिल्लं यायला अजून पाच दिवस होते. मनोज गिटारच्या तारा जुळवत होता, हनुमान पॅडच्या वायरींचा गुंता सोडवत होता आणि चांगोकाका बेंजोची बटणं एकेक करून धोतराच्या सोग्याने पुसत होते.

"बसा वयनी," चांगोकाकांनी बाईजाला गोणी पुढे केली. बाईजा बसली. एसटीची वाट बघणारं माणूस बसतं तशी, पिशवी मांडीवर घेऊन.

चाल सुरू झाली. बेंजोने उचलली, पॅडने धरली, गिटार मागून आली, आणि खालून योगिनी. दोन महिने घरात मुकी वाजणारी तार आता पायाच्या तळव्यांतून वर येत होती. तिने डोळे मिटले. पाच मिनिटं झाली. सहा झाली. पारू भिंतीवर खडूने गाय काढत होती.

"थांबा," बाईजा म्हणाली.

सगळे थांबले.

"हिचा काय वाजतो ते मला ऐकू येत नाय. तुमी तिघं वाजवता, ही नुसती मान हलवते."

"आत्या, तसं तिचं कळत नाही," मनोज म्हणाला. "ती थांबली की कळतं."

"मग थांबव तिला. बघू."

योगिनीने तारांवर तळवा ठेवला. बाकीच्या तिघांनी तेच परत वाजवलं. बाईजा मान वाकडी करून ऐकत राहिली.

"हां," ती म्हणाली. "घराची मेढ काढल्यागत झाला. घाल परत."

लग्न झाल्यापासून योगिनीला सासरी मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती. पण त्या शाबासकीपायी सहा मिनिटं वाया गेली होती.

"पहिल्यापासून," चांगोकाका म्हणाले. त्यांच्या कायद्यात चाल मधून उचलता येत नसे.

पुन्हा सुरुवात. पाचवं मिनिट गेलं, नववं गेलं. पारूने गायीला शिंगं काढली, मग चाकं काढली. अकरावं गेलं. बाराव्याला बाहेर हॉर्न वाजला. हनुमानने तो आधी ठेक्यात धरायचा प्रयत्न केला. मग दुसरा वाजला, मग तिसरा, आणि मनोज गिटार खाली ठेवून बाहेर धावला.

कंपनीची गाडी होती, पिल्लांची.

"आज? पाच दिवस आहेत अजून," मनोज म्हणाला.

"दुसऱ्या फार्मचा शेड तयार नाय," ड्रायव्हर म्हणाला. "साहेब बोलले तुमचा धुतलेला आहे, तिकडे टाक."

"मला फोन नको का करायला?"

"केला होता म्हनतात. तुम्ही उचलत नव्हता."

मनोजने मोबाइल काढून बघितला. सात मिस्ड कॉल. मग त्याने एकदा हनुमानच्या पॅडकडे बघितलं आणि मोबाइल खिशात टाकला.

पिल्लांना वाट बघायला लावता येत नाही. दहा मिनिटांत जामचा मळणीसारखा घाईगर्दीचा कारभार झाला. हनुमान आणि ड्रायव्हर भोकांचे खोके उतरवत होते, योगिनी शेडचे पडदे सोडत होती, चांगोकाका धोतर खोचून पाण्याची भांडी लावत होते. बाईजाने तर ताबाच घेतला. "गूल कुठं ठेवलास रे? पहिला पानी गुलाचा लागतो. खोका आपटू नको, तुझ्या पॅडागत काय तो?"

एकेक खोका कागदावर उपडा होत गेला आणि पांढऱ्या शेडमध्ये पिवळं पसरत गेलं. तीन हजार पिल्लं. चिवचिव इतकी की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. पारूच्या हातातला खडू कधीच पडला होता. ती भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं ठेवून, पाय जराही न हलवता उभी होती.

ऊब द्यायचे बल्ब लागले. बोर्डावरच्या सगळ्या जागा त्यांनी घेतल्या, एक सोडून.

"संपलं," मनोज कपाळ पुसत म्हणाला. "आता दीड-दोन महिने."

योगिनीने बेसच्या पिशवीची चेन उघडायला घेतली. चेन नेहमीसारखी अर्ध्यात अडकली. ती ओढत बसली, आणि तिला वाटलं की आता आपण चेनवरून रडणार. तीन हजार पिल्लांसमोर आणि सासूसमोर.

"पन ते वाजवायचा राहिला ना?" बाईजाने विचारलं.

"पिल्लं भितात आत्या. घाबरली की कोपऱ्यात एकावर एक चढतात, खालची गुदमरतात."

"तू त्यांना काय ऐकवतोस रोज?"

"रेडिओ लावतो. हळू. माणसांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून."

चांगोकाका पाण्याचं भांडं हातात घेऊन वळले. "मग आमी रेडिओपेक्षा वाईट का रे मनोज?"

मनोजने काकांच्या वयाचा मान ठेवला. हळू वाजवून बघायचं ठरलं. उरलेल्या एका जागेवर हनुमानने पॅड लावला आणि बोटाच्या टोकाने, अगदी प्रेमाने, एक ठोका दिला. तीन हजार पिल्लं एका अंगाने उठली आणि पलीकडच्या कोपऱ्यात गेली. मनोज आणि बाईजा हात पसरून त्यांना मोकळं करायला धावले.

"काढ तो," बाईजा तिकडूनच म्हणाली. "हिचा लाव."

हनुमानने वायर काढली आणि तोंड पाडून खाद्याच्या भरल्या गोणीसमोर बसला. योगिनीने अँपची पिन लावली, आवाज अगदी तळाला आणला आणि सगळ्यात जाड तारेवर बोट टेकवलं.

चिवचिव कमी झाली.

तिने दुसरा सूर लावला, मग तिसरा. कोपऱ्यातून एक पिल्लू निघालं, थबकलं, पुन्हा निघालं. त्याच्यामागून दहा. मग कितीतरी. ती अँपभोवती येऊन एकमेकांना चिकटून बसली आणि काहींनी तर डोळेच मिटले.

"खुडूक कोंबडी पिल्लांशी अशीच बोलते," बाईजा म्हणाली. "पोटातनं."

"आत्या, अँप गरम होतो म्हणून बसलीत."

"तुझे बल्ब काय थंड हायेत?"

मनोजने वर बल्बांकडे बघितलं, खाली पिल्लांकडे बघितलं आणि गिटार उचलली.

वायर न लावता बेंजो, वायर न लावता गिटार, गोणीवर हनुमानचे तळहात आणि खालून योगिनी. चांगोकाकांची चाल आजवर कुणी इतकी हळू वाजवली नसेल. मान डोलवायलाही भीती वाटावी अशी ती चालली होती. पाचव्या मिनिटाला योगिनीने सवयीने पारूकडे बघितलं. पारू कागदावर मांडी घालून बसलेली, मांडीत एक पिल्लू. नवव्याला बघितलं, पिल्लू ओंजळीत. बाराव्याला बाहेर कुठला तरी हॉर्न वाजला आणि चौघांच्याही माना आखडल्या, पण तो रस्त्याने निघून गेला. चौदाव्याला पारू श्वासही मोजून घेत होती, पिल्लू जागं होऊ नये म्हणून.

चौदाव्याच्या पुढे योगिनीने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. तिथून ती फक्त काकांच्या बोटांकडे बघत गेली. चाल आणखी दोनदा फिरली, मग उतरायला लागली, आणि एका जागी काकांनी हात उचलला. बेंजो थांबला. गिटार थांबली. हनुमानचे हात गोणीवर तसेच राहिले. उरली एकटी ती.

तिने घाबरून काकांकडे बघितलं. त्यांनी मानेनेच खुणावलं, चालू ठेव.

"इथं नवरदेवाला आंघोलीला आत नेतात," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "दार लागंस्तवर एकटा ढोल वाजायचा. डीजे आले तेव्हापासून ढोलवाला नाय. ही जागा रिकामीच राहते."

"दार कधी लागतं?" तिने वाजवता वाजवताच विचारलं.

"ते वाजवनाऱ्याने ठरवायचा."

योगिनी वाजवत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळे तिच्याचकडे बघत होते, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. अख्खी फेरी झाली. दार लावायला हरकत नव्हती. तिने आणखी एक फेरी घेतली. मग अजून अर्धी, उगीचच. आणि मग, जरा उशिराच, लावलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पिल्लांमुळे. हनुमानने हवेतच दोन हात जवळ आणले आणि एकमेकांना न लावता परत खाली घेतले. चांगोकाका बेंजो फडक्यात गुंडाळायला लागले, म्हणजे ते खूश होते.

"झाला?" बाईजाने विचारलं.

"झाला," योगिनी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

"मग चल. शेली ओरडत असंल. आन त्या बेसाला मी मागं धरते, आडवाच."

पिशवीची चेन आता बिनतक्रार लागली. योगिनी अजून हवेतच होती. "मनोज, परत कधी?"

"हा लॉट गेला की. बेचाळीस दिवस, वर धुण्याचे."

"त्याआधी नाही जात?"

"जातात ना. वजन पटकन भरलं तर अडतीसाव्या दिवशीसुद्धा उचलतात."

"मग भरू दे की पटकन," योगिनी म्हणाली. "चांगलं खायला घाल त्यांना. अडतीसच धरून चालते मी."

तिने पारूला उठवायला हात पुढे केला. पारू उठली नाही. तिच्या ओंजळीत पिल्लू झोपलं होतं, चोच तिच्या अंगठ्यावर टेकवून. ती हळूच, ते हलणार नाही अशी, मान वर करून बघत होती.

"आई," तिने विचारलं, "तुला ही लवकर जायला पायजेत?"